सोवळा प्रोग्रॅम आणि कोमट पाणी

६ फेब्रुवारी

खारे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत बसत नाही. पोचले. पोचल्याचा फोन केला नाही आणि तूही करू नकोस. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि मी ठेवला की मनात असतं तेच करतेस. शिवाय लाँड्रीत यंत्रं चालू असली की मला समोर उभ्या माणसाचं ऐकू येत नाही, फोनमधलं कुठून येणार. कागदावर विचारलं की कागदावर उत्तर द्यावं लागतं, म्हणून हे पत्र.

आधी तुझी खोली. येऊन आठवडा होत आला, अजून आठवलं की घशाशी येतं. खिडकीतला तो कप विसळायला उचलला तर आतून केसाळ काहीतरी वर आलेलं. तुझी खोलीतली मैत्रीण म्हणते, "राहू द्या आत्या, आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवून आहोत." लक्ष ठेवून आहेत म्हणे. बेसिनमधली भांडी सर्वांत खालपर्यंत मी पाहिलीच नाहीत, हिंमत झाली नाही. टॉवेल तिघींत एक, आणि तो दोरीवरून काढला तरी लटकल्यासारखाच राहतो. मी जन्मभर लोकांचे कपडे धुतले आणि माझ्या भाचीच्या उशीचा अभ्रा असा, की इस्पितळातून आला असता तर मी चिमट्याने उचलला असता.

आता तुमची ती बैठक. तू हौसेने नेलंस म्हणून आले. तळघरातली खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि एका कॉम्प्युटरच्या भाषेवर जीव टाकणारी एवढी थोरली माणसं. सबंध तास कशावर गेला, तर एका खुणेला काय म्हणावं यावर. मला वाटलं शेवटी मारामारी होईल. झाली असती तर बरं वाटलं असतं.

आणि तो तुमचा वरचा माणूस, ज्याच्याकडे बघताना तुम्ही सगळे मान तिरकी करता. त्याचं नाव मी सोवळेबुवा ठेवलंय. तिथली एक बाई बिचारी उठून म्हणाली, माझा प्रोग्रॅम दुकानाचा माल मोजतो, वर्षभर नीट चालतोय. तर बुवा म्हणतात, "चालतो, हा काही युक्तिवाद नाही. तो शुद्ध नाही." आणि सगळे हसले. तूही हसलीस, मी बघितलं. ती खाली बसली आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागली. मला इतकी शिसारी आली की मी बुवांना विचारलं, "तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम कुठे चालतो?" म्हणाले, "मी पायाचं काम करतो." मी म्हटलं, "कुणाच्या पायाचं?" तू मला चिमटा काढलास. चिमट्याचा डाग अजून आहे.

एक गोष्ट मात्र चांगली झाली, ती सांगते, नाहीतर म्हणशील आत्या नुसती नावं ठेवते. तू बसवलेला प्रोग्रॅम गेल्या वर्षी जीव खायचा. इस्पितळाच्या चादरींना पाणी पुरतं तापलं नाही की ती घंटा ठणाणा करायची, मग सगळी खेप परत धुवा. जानेवारीत तू तिकडे बसूनच नवा, साफसूफ केलेला प्रोग्रॅम इथल्या कॉम्प्युटरात घातलास. तेव्हापासून घंटा एकदाही वाजली नाही. केवढी शांतता. इस्त्रीवाली म्हणते, पोरीने नाव काढलं.

कप फेक. धुवू नकोस, फेक.

आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

कप फेकला. मैत्रीण दोन दिवस बोलत नव्हती.

तू माझ्या माणसांना एका संध्याकाळपुरतं पाहिलंस आणि निकाल लावलास. मला राग आला, पण तुला राग दाखवून काय उपयोग, म्हणून समजावून सांगते.

बाकीच्या भाषांत प्रोग्रॅम म्हणजे हुकमांची रांग असते: हे उचल, तिथे ठेव, ते पूस. कोण कुठून येऊन काय पुसून गेलं ते शेवटी कळत नाही. आमच्या भाषेत सगळी फंक्शनं असतात. फंक्शन म्हणजे एक खिडकी समज. एका बाजूने काहीतरी आत द्यायचं, दुसऱ्या बाजूने उत्तर येतं. तेच दिलं की तेच उत्तर, आज दे नाहीतर पुढच्या वर्षी दे. खिडकीतला माणूस मधेच उठून बाहेर जात नाही, कुणाच्या वस्तूला हात लावत नाही. यालाच शुद्ध म्हणतात; हात लावलाच तर त्याला साइड इफेक्ट, आमच्यातली शिवीच ती. ऐकायला कोरडं वाटेल, पण आपल्या घरी मी लहान असताना कुठली गोष्ट आदल्या दिवशी होती तशी दुसऱ्या दिवशी असायची? बाबांचा मूड, आईची तब्येत, राहायचं घर. मी ही भाषा पहिल्यांदा शिकले तेव्हा मला वाटलं, इथे पाय टेकता येतो.

आणि एक सांगायचं राहिलंय. एप्रिल लागायच्या आधी आमचं वर्षाचं संमेलन आहे. भाषा पुढे कशी जाईल ते ठरवणारी सात-आठ माणसं असतात, आम्ही त्यांना गाभा म्हणतो. त्यात एक जागा रिकामी झालीय. ज्यांना तू सोवळेबुवा म्हणतेस त्यांनी माझं नाव सुचवलंय. का माहितीये? तुझ्या लाँड्रीमुळे. लोक आम्हाला चिडवतात की तुमची भाषा फक्त फळ्यावर चालते, तर मी मंचावर दाखवणार की ती खऱ्याखुऱ्या ठिकाणी, वाफेत आणि साबणात चालते. त्यासाठीच मी जानेवारीत प्रोग्रॅम नीट केला. जुन्या प्रोग्रॅममध्ये मी काही ओळी धसमुसळ्या लिहिल्या होत्या. बुवांनी आणि बाकीच्यांनी एकेक ओळ वाचून त्या काढायला लावल्या. आता तो इतका सुंदर दिसतो, आत्या. मला दुसरं काही नको आहे या जागेशिवाय. खरंच नको आहे.

त्या बाईंच्या वेळी मी हसले. हसायला नको होतं.

बरं, घंटा एकदाही नाही? अजिबात? थंडीतसुद्धा? आणि आठवड्याचा अहवाल येतो कॉम्प्युटरवर, तो उघडतेस ना? एवढं कळव.

खारू


२० फेब्रुवारी

खारे,

अहवाल कोण उघडतो. मला कॉम्प्युटरचं एक बटण माहीत आहे, ते मी सकाळी दाबते आणि संध्याकाळी दाबते. घंटा वाजली तर धावायचं, नाही वाजली तर नाही, असं तूच शिकवलंस.

इथे मात्र घाण झालीय. लिहिताना हात धुवावेसे वाटतात.

परवा बाळंतपणाच्या इस्पितळाची मेट्रन स्वतः आली. ती कधी येत नाही, माणूस पाठवते. पाठीमागे आपलंच गाठोडं, आपली चिठ्ठी लावलेलं. माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "उघडा." मी उघडलं. दिसायला पांढरंशुभ्र, घडी सुरेख. पण नाक नेलं आणि मागे सरले. आंबट, कुबट, दुधाचा आणि रक्ताचा शिळा वास, साबणाच्या खाली दडलेला. वर अत्तर आणि खाली मेलेलं जनावर, तसा. मेट्रन म्हणाली, "दोन बाळांच्या पाठीवर पुवाचे फोड आलेत. डॉक्टर म्हणतात कपड्यांनी असेल. बाई, इतक्या वर्षांत तुमच्याकडून असं नव्हतं आलं." मी म्हटलं, "यंत्र सगळं बघतं, चुकेल कसं?" ती म्हणाली, "वास यंत्राला येतो का?"

बाळं बरी आहेत, मलम लावतायत. मी जाऊन पाहून आले. एवढीशी पाठ आणि त्यावर ते. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग मी बॉयलरवाल्याला धरलं. दुसरं कोण असणार? घंटा वाजली नाही म्हणजे पाणी तापत होतं; पाणी तापत होतं म्हणजे हाच मधल्या मधे खेपा कमी वेळ ठेवून बिडी फुंकायला जात होता. म्हटलं, "आत काय करतोस दिवसभर?" तो म्हणाला, "बसतो. घंटा वाजली तर उठतो." मी म्हटलं, "आणि पाण्याला हात?" म्हणे, "पूर्वी लावत होतो. आता घंटा आहे ना." निर्लज्जासारखं तोंडावर. मी त्याला घरी पाठवलं. "येऊ नकोस उद्यापासून," म्हटलं. त्याने डबा घेतला आणि सरळ गेला. त्याचाच मला जास्त राग आला.

मेट्रनने पंधरवड्याची मुदत दिलीय. तोवर वास गेला नाही तर इस्पितळ दुसरीकडे जाईल, आणि इस्पितळ गेलं की ही लाँड्री म्हणजे दोन खानावळींचे टेबलक्लॉथ. बायकांना काय सांगू मग, घरी बसा?

तुझा प्रोग्रॅम तेवढा शहाणा निघाला, बाकी सगळे नालायक.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि आधी फोन केला. इस्त्रीवालीने उचलला. तिला दिलेला निरोप पोचला असेल: इस्पितळाचं एकही गाठोडं बाहेर जाऊ देऊ नका आणि बॉयलरमधला हीटर उघडून बघा. आता बसून कारण लिहिते. वाचून होईपर्यंत मला शिव्या देऊ नकोस, नंतर दे.

बॉयलरवाल्याने काही केलं नाही. प्रोग्रॅमने पाणी तपासलंच नाही. जानेवारीपासून एकदाही नाही.

आमची भाषा आळशी आहे. ही मी शिवी देत नाही, तिचा गुण म्हणून हेच सांगतात. तिला शंभर कामं सांगितली तर ती एकही करत नाही, नुसती लक्षात ठेवते. जेव्हा कुणीतरी एखाद्या कामाचं उत्तर मागतं तेव्हाच ती ते काम करते. ज्याचं उत्तर कुणालाच नको, ते करायचं कशाला? फार वेळ वाचतो. आम्ही यावर भाषणं देतो.

पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी एक धसमुसळी ओळ घातली होती. ती ओळ भाषेला दंडाला धरून म्हणायची, हे आत्ताच कर, मागेन तेव्हा नाही: पाणी किती तापलं ते बघ आणि कमी असेल तर घंटा वाजव. बुवांना ती ओळ खटकली. म्हणाले, "इथे तुम्ही जगाला हात लावताय. तपासणीचा निकाल एक मूल्य म्हणून अहवालात जाऊ द्या, अहवालातूनच घंटेला कळेल. जास्त शुद्ध होईल." झालंही. फक्त अहवाल उघडल्याशिवाय तो निकाल कुणी मागतच नव्हतं. आणि अहवाल तू उघडत नव्हतीस. मग तपासणी झाली नाही, आणि न झालेल्या तपासणीची घंटा कशी वाजणार? मला हे कळायला हवं होतं. तू शांतता लिहिलीस तेव्हाच मला शंका आली होती, तरी मी नुसतं गुळमुळीत विचारलं. तेव्हाच फोन करायला हवा होता.

काल रात्री ती ओळ परत घातलीय. आता घंटा वाजेल.

बुवांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, भाषेने जे करायचं कबूल केलं होतं तेच केलं, यात दोष कुठे आहे? बाकीच्यांत त्यावर चर्चा सुरू झाली आणि अजून चाललीय: याला चूक म्हणावं की अपेक्षाभंग. बाळांबद्दल कुणी विचारलं नाही. एकाने विचारलं, तापमापक कुठल्या कंपनीचा आहे.

आता तुला एक मागते, आत्या. मागताना माझं मलाच कसंतरी होतंय. संमेलन तीन आठवड्यांवर आहे. तोवर मेट्रनला एवढंच सांग की हीटर बिघडला होता. खोटं नाही ते, बिघडलेला असेलच. प्रोग्रॅमचं नंतर सांगू. मंचावर मी लाँड्रीबद्दल बोलणार आहे, आणि आधीच बोभाटा झाला तर ती जागा गेली. बुवा म्हणतात नंतर आपण यावर एक छान लेख लिहू.

खारू


१ मार्च

खारे,

हीटर उघडला. आत क्षाराचा थर, बोटभर, शेवाळ्यासारखा चिकट. पाणी कोमट येत होतं. आपण बाळंतिणींच्या चादरी कोमट पाण्यात घुसळून, घडी घालून, वर चिठ्ठी चिकटवून पाठवत होतो. हे वाक्य मी दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही वेळा ओकारी आली.

तुझा प्रोग्रॅम मला पूर्ण समजला नाही, पण जेवढा समजला तेवढ्यावरून सांगते. कुणी विचारेपर्यंत काम करायचं नाही, याला आमच्याकडे सोवळेबुवा लागत नाहीत. तसली माणसं मी दर वर्षी कामावरून काढते. आणि जगाला हात लावायचा नाही म्हणे. धुणं म्हणजे दुसरं काय असतं? दुसऱ्याच्या घाणीला हात लावणं, एवढंच तर असतं. हात लावायची लाज वाटत होती तर माझ्या लाँड्रीत कशाला आलात? फळ्यावरच राहायचं होतं.

पण प्रोग्रॅमचं मला एवढं नाही. चूक झाली, ती तू स्वतः शोधलीस, स्वतः लिहिलीस. त्या ओळीपर्यंत पत्र वाचताना मला तुझ्याबद्दल बरं वाटत होतं. मग शेवटचा परिच्छेद आला. "एवढंच सांग की हीटर बिघडला होता." खारे, त्या गाठोड्याला जो वास होता ना, तोच वास तुझ्या त्या ओळीला आला. वरून घडी, खाली कुबट.

तुझ्या बुवांचं मलाही पत्र आलंय. जाड कागद. लिहितात, "आदरणीय आत्याबाई, आपण आमच्या भाषेच्या एक मोलाच्या वापरकर्त्या आहात. झालेल्या अनुभवातून सर्वांनाच शिकायला मिळालं. संमेलनात आपल्या लाँड्रीचं एक प्रसन्न छायाचित्र दाखवण्याची परवानगी द्यावी." प्रसन्न. बाळाच्या पाठीचं छायाचित्र देऊ का विचारावंसं वाटलं. सर्वांना शिकायला मिळालं म्हणे. फोड मात्र दोघांनाच आले. कागद चांगला होता म्हणून डगमगणाऱ्या टेबलाखाली घातलाय.

बॉयलरवाल्याकडे गेले होते. त्याने मला दारात उभं ठेवलं आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "घंटा वाजली वाटतं, मालकीणबाई आल्यात." मी ऐकून घेतलं. तो आळशी आहे ते आहेच, पण चोर नव्हता, आणि मी त्याला चोरासारखं हाकललं. म्हटलं, "ये." म्हणाला, "बघतो." अजून बघतोच आहे.

मेट्रनला मी सगळं सांगितलं. हीटर, प्रोग्रॅम, माझी भाची, सगळं. तू मागितलंस ते दिलं नाही. ती म्हणाली, "निदान आता कारण कळलं. मुदत तीच आहे." त्या बाईला चहासुद्धा मी विचारायचा विसरले.

या पत्राबरोबर एक पार्सल येईल. परत आलेल्या गाठोड्यातल्या चादरी मी उकळायला घेतल्या, त्यातली एक ठेवली. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलीय, खोलीत उघडू नकोस, तुमचा टॉवेल मरेल. मंचावर काय दाखवायचं ते तुझं तू ठरव. जागा तुला हवी आहे, मला माहितीये, दोन पत्रांत लिहिलंयस. मी ठरवणार नाही. फक्त छायाचित्र नाही मिळणार, चादर मिळेल.

आणि ती हरवू नकोस. इस्पितळाचा माल आहे, परत द्यायचाय.

आत्या


१९ मार्च

आत्या,

कशी सुरुवात करू कळत नाही, म्हणून झालं तसंच लिहिते.

पार्सल खोलीतल्या कपाटात होतं. मैत्रीण म्हणायची, यात काय आहे, मी म्हणायचे घरचं आहे. संमेलनाच्या सकाळपर्यंत मी ठरवलं नव्हतं. भाषण मी दोन प्रकारे लिहिलं होतं. पिशवीत दोन्ही होती आणि पार्सलही.

सभागृह मोठं, गालिचा, सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या पट्ट्या. बुवा पहिल्या रांगेत. त्यांनीच माझी ओळख करून दिली: "आता आपण पाहू, शुद्धता व्यवहारात किती देखणी दिसते." देखणी हा शब्द ऐकला आणि बाळाच्या पाठीचं तू लिहिलं होतंस ते आठवलं. मी कॉम्प्युटर उघडलाच नाही. पार्सल उघडलं.

वास आधी मलाच आला. मग पहिल्या रांगेला. बुवांनी रुमाल काढला आणि तो नाकाला न लावता हातातच धरला, शिष्टाचार म्हणून. मी चादर टेबलावर पसरली आणि म्हटलं, "हा आपल्या प्रोग्रॅमचा निकाल. कुणी मागितला नव्हता, म्हणून मी घेऊन आले." मग सगळं सांगितलं, ओळ कुणी घातली, कुणी काढायला सांगितली आणि कुणी काढली. काढली मी, हे दोनदा सांगितलं. बाळांचं सांगितलं.

मला वाटलं होतं लाज वाटेल लोकांना. काहींना वाटलीही. पण मधल्या रांगेतून एकजण म्हणाला, "म्हणजे हा वास भाषेचा साइड इफेक्ट मानायचा का?" आणि हशा पिकला. आत्या, मी त्या हशात इतकी वर्षं बसत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मंचावरून बघितला. सगळ्यांचे दात दिसत होते. मला तुझ्यासारखी किळस आली, आणि त्यात मीही होते, त्या मागच्या बैठकीतली, त्या बाईंवर हसणारी.

मग दुसरा उठला. तांत्रिकदृष्ट्या हा दोष भाषेचा नाही, वगैरे. तो बोलत असताना शेवटच्या रांगेतला एक माणूस उठला. साधा, जाडजूड, गळ्यात पट्टी उलटी. तो खुर्च्यांना अडखळत, फोन कानाला लावत बाहेर गेला. कुणी लक्ष दिलं नाही. जेवणाच्या वेळी त्याने मला जिन्यात गाठलं. तो एका गावाच्या पाणीपुरवठ्यात काम करतो. टाकीत क्लोरीन किती पडलं ते तपासणारा प्रोग्रॅम त्याने आमच्याच भाषेत लिहिलाय, आणि गेल्या वर्षी आमच्याच लोकांनी त्याला तीच ओळ काढायला लावली होती. कागदावर मीच तसा सल्ला दिला होता, त्याने मला दाखवलं. तो म्हणाला, "तिकडच्या माणसाला आत्ता हाताने मोजायला लावलं." मी विचारलं, किती निघालं? म्हणाला, "जेवढं असावं त्याच्या निम्मं." आणि जिन्याच्या पायरीवर बसला. मीही बसले.

तिकडे आता सगळं पूर्ववत केलंय, कुणी आजारी पडल्याचं ऐकलं नाही. तो आणि मी मिळून भाषेत एक गोष्ट घालतोय: तपासणी लिहिली आणि तिचं उत्तर कुणीच मागत नसेल, तर भाषा स्वतःच ओरडेल. मागच्या बैठकीतली ती दुकानवाली बाई पण आलीय आमच्यात. मी तिच्याशी त्या हसण्याबद्दल बोलले. ती म्हणाली, "मला आठवत नाही." आठवत होतं तिला.

जागा दुसऱ्याला मिळाली. बुवांनी मला निरोपाच्या वेळी सांगितलं, "तुमच्यात धार आहे, पण सौंदर्यदृष्टी राहून गेली."

चादर तुझ्याकडे परत पाठवतेय. सभागृहाचा झाडूवाला ती कचऱ्यात टाकणार होता, मी काढून घेतली.

खारू


२७ मार्च

खारे,

चादर पोचली. दोनदा उकळली, उन्हात टाकली, आता गवतासारखी स्वच्छ लागते नाकाला. मेट्रनला मोजून दिली. मुदत संपली त्या दिवशी ती परत आली होती. या खेपेला चहा विचारला. गाठोडी उघडून, नाक खुपसून एकेक हुंगली, जसं काही खरबूज विकत घेतेय. मग म्हणाली, "ठीक." एवढंच. इस्पितळ राहिलं.

बाळं घरी गेली. पाठी साफ आहेत.

बॉयलरवाला आला कामाला. पहिल्या दिवशी मुद्दाम माझ्यासमोर हात पाण्यात घालायला गेला आणि भाजून घेतला. म्हटलं, एवढंही नको होतं करायला. म्हणतो, "तपासलं, मालकीणबाई, मागायच्या आत." फाजील आहे. पण आता दर खेपेला झाकण उघडून वाफ बघतो, घंटेवर विसंबत नाही.

ते हसणारे लोक वाचून मला अजून मळमळतंय. कुणी फोड दाखवला तर त्याच्यावर विनोद सुचतो, ती माणसं आतून कशी असतील? आणि तुझे बुवा. सौंदर्यदृष्टी. त्यांच्या तोंडात तो शब्द ऐकला की मला तुझा तो केसाळ कप आठवतो. बरं झालं जागा गेली. तुला वाईट वाटत असेल, वाटू दे. मी खोटं सांत्वन करणार नाही. ती जागा तुला हवी होती, आणि तू तिच्यावर ती चादर पसरलीस. दादाला, तुझ्या बाबांना, फोन करून सांगितलं. तो म्हणाला, पोरीचं काहीतरी नुकसान झालं ना? मी म्हटलं, हो, झालं, आणि ठेवला.

पाणीवाल्या माणसाला माझ्याकडून सांग, पट्टी सुलट घालत जा.

घंटा परत सुरू झाल्यापासून वैताग आहे. काल दुपारी जेवायला बसले तर वाजली. घास खाली ठेवला, तिला एक सणसणीत शिवी दिली आणि उठून बघायला गेले. झडप अडकली होती. काढली. परत येऊन बसले तर अन्न गार झालेलं. तसंच खाल्लं.

आता तुझं. पाच पानं लिहिलीस, त्यात भाषेचं आहे, बुवांचं आहे, क्लोरीनचं आहे, दुकानवाल्या बाईचं आहे. तुझं एक अक्षर नाही. तूही त्या भाषेसारखीच आहेस, लहानपणापासून. कुणी विचारत नाही तोवर आत सगळं तसंच साठवून ठेवतेस, म्हणून तर खार म्हणते तुला. तर हे विचारते, एकेक करून. जेवतेस का वेळेवर? ज्यांच्यात इतकी वर्षं बसलीस ते आता दिसले की तोंड फिरवतात का? रडलीस का, आणि रडलीस तर कुणासमोर? इथे यायचंय का चार दिवस? इथे टॉवेल स्वच्छ आहेत.

अहवाल मागितलाय मी. उघडून वाचणार आहे.

आत्या